बिनधन्याची पट्टी

धाऊने बांधावरचं मातीचं ढेकूळ उचलून डोक्यावर ठेवलं आणि सगळा पाडा एकदम ओरडला. डोळखांबच्या त्या टेकाडावर होळीलासुद्धा एवढी माणसं जमली नव्हती.

भांडण धाऊचं आणि शेजारच्या सावळारामचं, मधल्या एका पट्टीवरून. पट्टी कसली, सोनं! तिथेच पाला-शेण जाळून राब भाजायचा, तिथेच भाताची रोपं वाढवायची. ती ज्याच्या कुंपणात जाईल त्याची लावणी पक्की, दुसऱ्याने हात चोळत बसायचं. शहापूरचा मोजणीदार काही येईना. शेवटी पंचांनी जुनी रीत काढली. धाऊने माती डोक्यावर घेऊन हद्द चालायची; चालेल ती खरी. खोटं चालला तर ती माती त्याचं घर खाणार.

"चल रे धाऊ! थांबू नको!"

धाऊ ताठ मानेने निघाला. पट्टी आपलीच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पण तिच्या तोंडाशी त्याची बायको भिमी उभी होती, इतक्या वर्षांनी पोटुशी राहिलेली. तिला पाहिलं मात्र, धाऊला डोक्यावरची माती जड झाली. वीतभर जरी चुकलं तर? त्याचे पाय वळले ते पट्टी सोडून थेट स्वतःच्या शेतात.

सावळारामची माणसं नाचायलाच लागली. सावळाराम तेवढा पांढराफटक पडला.

"पट्टी तुझी रे," पंच म्हणाले. "घाल कुंपण."

"नाय घालत. त्यानं भिऊन सोडलीय. माझी नसली तर माती माझं घर खाईल. माझीबी पोरं हायेत."

सावळारामने आपल्या बाजूला कुंपणाच्या मेढी ठोकल्या, धाऊने आपल्या. मधली पट्टी मोकळी राहिली. राब भाजायचे दिवस सरत चालले, दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं, पण तिथे पाय टाकायला कुणी धजेना.

एका सकाळी पट्टीतून धूर निघाला. दोघेही धापा टाकत आपापल्या कुंपणाशी आले. आत भिमी काटक्या मोडत बसली होती आणि सावळारामची बायको काशी पाला पसरत होती.

"काय करताय गो?" धाऊ ओरडला. "जागा कुणाची नाय ती!"

"म्हणून तर," काशी म्हणाली. "माती तुमी घेतली डोक्यावर. आमी नाय."

"उभं काय राहिलाव?" भिमीने मान वर केली. "पाला संपला. आणा!"

दोघेही धावत सुटले. पाल्याचे भारे मात्र त्यांनी कुंपणावरूनच आत टाकले.