लाल रेघ

मित्रांनो, दिवसातून शंभर वेळा तुम्ही माझ्यातून ये-जा करता, पण माझ्याकडे कधी मान वळवून बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी एक जुनी सागाची चौकट आहे, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली. मला दार कधी बसवलंच नाही. माझ्या डाव्या अंगाला वाळवी लागली आहे, त्यामुळे उद्या दुपारी मला काढणार आहेत. जाण्याआधी माझ्या उजव्या अंगावरच्या दोन रेघांची हकिकत तुम्हाला सांगून टाकते.

मला घडवणारा सुतार तुसडा होता, पण हाताचा गुणी. त्याने रंधा मारून मला असं गुळगुळीत केलं की नव्या घरात आलेल्या नवराबायकोने आधी मलाच हात लावून पाहिलं. नवरा फरशी बसवायचं काम करायचा. कानामागे पेन्सिल, खिशात टेप, आणि गुडघे कायम सिमेंटने पांढरे. "माझं माप चुकत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. बायको म्हणायची, "भाजीत मीठ घालताना मात्र चुकतं."

मग त्यांना मुलगी झाली. जन्मली तीच एवढीशी, म्हणून सगळे तिला पिटू म्हणायला लागले. ती उभी राहायला लागल्यापासून दर वाढदिवसाला फरशीवाला माझ्यासमोर गुडघे टेकून बसायचा, तिच्या डोक्यावर वही आडवी धरायचा आणि माझ्यावर रेघ ओढायचा. पिटू श्वास रोखून, हनुवटी वर करून मला पाठ लावायची. तेव्हा त्या दोघांचे चेहरे अगदी समोरासमोर यायचे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच. त्याला तिकीट नव्हतं आणि रांगही नव्हती.

पिटू सहा वर्षांची असताना तिच्या मामाची मुलं एका मोठ्या थीम पार्कला जाऊन आली. तिथे म्हणे एक गाडी होती, माणसांना उलटं टांगून फिरवणारी. मुलांनी तिची इतकी रसभरीत वर्णनं केली की पिटूला दुसरं काही सुचेना. फरशीवाल्याने चौकशी केली. एकशेवीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्या गाडीत बसवत नाहीत, असं कळलं. त्याने टेप लावला, बरोबर एकशेवीसवर लाल पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाला, "इथं डोकं टेकलं की निघायचं."

"एवढ्या लांब, एवढा खर्च करून, एका गाडीत बसायला?" आई म्हणाली. "त्यापेक्षा तुम्ही चार रविवार घरी थांबा. पोरगी तेवढ्यानंही खूश होईल."

"अगं, लहानपण एकदाच येतं. हे तिच्या आयुष्यभर लक्षात राहील बघ."

लक्षात राहिलं, हे मात्र खरं.

त्यानंतर दीड वर्ष सहलीच्या पैशांसाठी फरशीवाल्याने एकही रविवार घरी काढला नाही. पिटू रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मला टेकून उभी राहायची आणि डोक्यावर हात ठेवून बघायची. लाल रेघ वरच असायची. बाबा घरी नसायचा, म्हणून ती मलाच विचारायची, "आज वाढले का गं?"

सहलीच्या महिनाभर आधी फरशीवाल्याला वाटलं, जाण्यापूर्वी घरही जरा नीट करावं. लोकांची घरं चकचकीत करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार होता. जुनी फरशी जागोजागी फुटली होती. ठिकठिकाणच्या कामांवरून उरलेल्या टाइल्स त्याने जमवल्या होत्याच. जुनी फरशी उखडायला वेळ नव्हता, म्हणून तिच्यावरच सिमेंट पसरून त्याने टाइल्स बसवल्या. माझ्या पायाशी तर इतक्या सफाईने कापून बसवल्या की सुई शिरणार नाही. आणि माझे पाय दोन बोटं आत गाडले गेले.

आठ दिवसांनी पिटू मला टेकली आणि किंचाळली. डोकं लाल रेघेला टेकलं होतं.

"आठ दिवसांत दोन बोटं?" आई म्हणाली. "माझ्या हातची भाजी एकदाची अंगी लागली म्हणायची!"

फरशीवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. त्याने पिटूला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं. मित्रांनो, मला तेव्हा सगळं ठाऊक होतं. मुलगी वाढली नव्हती, जमीन वर आली होती. पण लाकडाला तोंड कुठलं? मी बघत राहिले.

पार्कात काय झालं ते मला नंतर कळलं, आईने मला टेकून मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा. "पाऊण तास रांगेत उभे होतो गं. आमचा नंबर आला, तिथल्या माणसानं पट्टी लावली आणि म्हणाला, कमी भरते. हे ऐकेनात. घरी मी स्वतः मोजलंय म्हणाले. मग तिच्यावरच ओरडले, नीट उभी राहा, पोक काढू नकोस. सगळ्यांसमोर. पोरगी टाचा उचलायला लागली, तर मागचे लोक हसले. बाकी सगळं छान होतं. पण तिनं मग कशातच बसायला हो म्हटलं नाही."

परत आल्यावर फरशीवाल्याने तिला पुन्हा माझ्यासमोर उभं केलं. डोकं बरोबर लाल रेघेला टेकलं.

"बघ, इथं भरतेस की नाही? मग तिथं पोक काढलंस ना?"

पिटूने लाल रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाबा. माझंच चुकलं."

पुढच्या रविवारी तो कितीतरी दिवसांनी घरी होता. माझ्या पायाशी एका टाइलची कड भरायला बसला. हातात टेप होता, म्हणून सहज त्याने टाइलपासून लाल रेघेपर्यंत धरला. एकशे सोळा आणि थोडं वर. पुन्हा धरला. मग त्याने टाइलवर तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला. आईने चहाला दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. शेवटी त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि लाल रेघेच्या वर दोन बोटांवर एक बारीक रेघ ओढली.

संध्याकाळी पिटू खेळून आली तेव्हा तो म्हणाला, "पिटू, ये गं जरा. उंची मोजू."

"नको बाबा," ती म्हणाली आणि खांदे मागे ओढून, काठीसारखी ताठ होऊन आत गेली. ती पुन्हा कधीच मला टेकली नाही. त्या दिवसापासून ती तशीच ताठ चालायची. पाहुणे कौतुक करायचे, पोरीची चाल काय ऐटदार आहे. फरशीवाला ते ऐकून मान खाली घालायचा. सांगेन, उद्या सांगेन, असं करत तो मूग गिळून बसला. येता-जाता त्याचा अंगठा मात्र त्या बारीक रेघेवरून फिरायचा, इतका की ती आता पुसट झाली आहे. मुलगी शिकली, नोकरीला लागली. त्याचे गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी तोही गेला, ते एक वाक्य पोटात घेऊनच.

आज सकाळी पिटू एका सुताराला घेऊन आली. त्याने माझ्या पायाशी ठोकून पाहिलं, एक टाइल फोडली.

"ताई, चौकट दोन बोटं गाडलीय. खाली आणखी एक फरशी आहे. टाइल्स मागाहून बसवल्या वाटतं?"

"आई, या टाइल्स कधीच्या गं?" पिटूने विचारलं.

"अगं, आपण ते पार्क बघायला गेलो ना, त्याच्या महिनाभर आधी. तुझ्या बाबांनी..." आई बोलता बोलता थांबली.

पिटूने सुताराच्या हातातला टेप घेतला. जुन्या फरशीपासून लाल रेघेपर्यंत एकशेवीस. नव्या टाइलपासून पुसट रेघेपर्यंत एकशेवीस. ती त्या पुसट रेघेकडे खूप वेळ बघत राहिली. हात कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

मग तेवीस वर्षांनी तिने मला पाठ लावली. गुडघे हळूहळू वाकवत ती खाली आली, डोकं लाल रेघेला टेकेपर्यंत. तिथून समोर जे दिसायचं ते आता नव्हतं. गुडघे टेकून बसलेल्या माणसाचा चेहरा बरोबर तेवढ्याच उंचीवर यायचा.

"मी नीटच उभी होते, बाबा," ती म्हणाली. आणि तिचे ताठ खांदे खाली आले.

मित्रांनो, मोठ्या पार्कला जावं की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी कधी घराबाहेर पडलेच नाही. जमलं तर जरूर जा, मजा करा. पण तुमच्या आईबाबांनी घरी गुडघे टेकून तुमच्याकडे पाहिलं असेल, तर ते दिवस आधी जपा. आणि कुणाच्या माथी चुकून खोटा दोष मारलात, तर त्याच संध्याकाळी त्याला तसं सांगा. मला हे सांगायला लाकडाचं आयुष्य मिळालं होतं. माणसाला तेवढं मिळत नाही.