पडद्याची मागची बाजू

बाळंतपणात गेलेली बाई चुडैल होते, असं ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात सगळेच मानत. रंभा पुस महिन्यात गेली, तेव्हापासून तिच्या नवऱ्याला, मुखरूलाही अंधार पडला की धाक वाटायचा. पण खरी काळजी पोरीची होती. रंभामागं राहिलेली ती तान्ही शेजारच्या वच्छलाच्या दुधावर जगत होती, आणि वच्छलाची सासू देवकाबाई रोज कुरकुरायची, "हिची माय दुधामागं आपल्या घरात येईन."

फागुनात सरकारी सिनेमाची गाडी आली. मागच्या रोवण्याला याच लोकांनी शेताच्या बांधीत यंत्र उभं करून भात रोवणाऱ्या बायांची फिल्लम काढली होती. आता तीच दाखवणार होते. तिच्यात रंभा होती. मुखरू जाणारच नव्हता. पण वच्छला पोरीला घेऊन निघाली, म्हणून गेला.

दोन बांबूंना पडदा बांधलेला. समोर पुरुषमाणसं दाटीनं बसली, म्हणून बाया पडद्यामागं बसल्या. चित्र तिकडूनही दिसत होतं.

रंभा पडद्यावर आली आणि मागून देवकाबाईची किंकाळी उठली.

"फुली उजव्या नाकपुडीत! डाव्या हातानं रोवून राह्यली! उलटी होऊन आली वो!"

मुखरू धावला. वच्छलानं पोर जमिनीवर ठेवली होती आणि स्वतः दूर सरकली होती. पोर भुकेनं रडत होती. गावात दुसरी अंगावर पाजणारी बाई नव्हती.

"मागून सगळं उलटंच दिसते, बाई, आरशासारखं," यंत्रवाला ओरडला. कोणी ऐकलं नाही.

मुखरूनं पोर उचलली. "साहेब, पुन्हा लावा. हात जोडतो." मग म्हणाला, "वच्छला, एकडाव समोरून पाह्य."

"समोर माणसं हायेत ना, भाऊ."

"राहू दे."

"गेलीस तं घरी येऊ नको," देवकाबाई म्हणाली.

वच्छलानं पदर पुढं ओढला आणि ती पडद्यासमोर गेली. चित्र पुन्हा सुरू झालं. मुखरू पोरीला घेऊन तिच्यासमोर, पडद्याकडं पाठ करून उभा राहिला. वळायची त्याची छाती झाली नाही.

"फुली कुठी हाय?"

"डावीकडं."

"हात?"

"उजवा." मग वच्छला म्हणाली, "हासून राह्यली, भाऊ. माह्याकडंच पाहून राह्यली."

मुखरूनं पोर घट्ट धरली. आता ही पळते, असं त्याला वाटलं.

"मले लय भेव वाटून राह्यलं," वच्छला म्हणाली. "पण आण पोरीले इकडं."

ती तिथंच खाली बसली आणि तिनं पोरीला पदराखाली घेतलं. रडणं थांबून घोट गिळल्याचा आवाज येईपर्यंत मुखरू पडद्याकडं वळला नाही.