भाकरी कुणी बंद केली?

मी धुरपदाबाई, चोपड्याकडची. माझी भाकरी गावात नावाजलेली. हे मी सांगत नाही, गाव सांगतं. आणि माझ्याच नवऱ्याने दोन वर्षं माझ्या भाकरीला हात लावला नाही. आता बोला!

त्याचं असं झालं. आमचे हे, गिरधर आबा, एकदा डाव्या अंगाने पोट धरून, तापाने फणफणत जळगावच्या डॉक्टरांकडे एकटेच गेले. आले ते हुकूम घेऊन: भाकरी बंद, कायमची. मग काय, खारी, पाव, शिरा, साबुदाणा. आम्ही बाकीचे भाकरी खायचो ती गोठ्यात जाऊन. वास आला तर यांचा जीव तुटेल ना! दोन हिवाळे शेतात भरिताची पंगत नाही घातली, वांगी वाटून टाकली. सगळं घर सुतकात असल्यासारखं. आमचा कुत्रासुद्धा वाळला.

आणि एवढं करून पोट दुखायचं थांबलं का? नाव नको. ब्याण्णवच्या थंडीत पुन्हा तीच कळ, तोच ताप. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात सुया-सलाईन झाली, बरं वाटलं. पुढे महिन्याभराने परत बोलावून, मागच्या बाजूने पांढरं औषध सोडून आतड्याचा फोटो काढला. मी मनात म्हटलं, गाठ-बिठ निघाली तर हा माणूस भाकरी न खाताच जायचा.

तिथले मोठे डॉक्टर बोरसे सर आले ते शिकाऊ पोरापोरींची पलटण घेऊन. फोटो खिडकीपुढे धरला. आतड्याच्या कडेने बारीक बारीक फुगे.

"गाठ नाही, बाई," सर आधी मला म्हणाले. देव भेटला मला. मग पोरांकडे वळले. "आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या शिरतात, ती जागा नाजूक. मळ कोरडा आणि थोडा असला की तो ढकलायला आतडं जोर लावतं, आणि त्या जागेतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. टायर चिरला की ट्यूब फुगते, तसं. नुसत्या पिशव्यांनी बहुतेकांना काही होत नाही. एखादी सुजली की कळ आणि ताप. फुटलीच तर ऑपरेशन. आता सांगा, आपल्या खेड्यांत हे कमी का दिसतं?"

"भाकरी, सर! चोथा भरपूर," एक पोरगा ओरडला.

"मग आबांना कसं झालं?"

मला कुठलं राहवतंय! "अहो, भाकरी तुम्हा डॉक्टरांनीच बंद केली ना? कायमची!"

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सूज असेपर्यंत मऊ खायचं. ओसरली की चोथा वाढवायचा, पाणी वाढवायचं. कायमची कोण बंद करेल?"

मी आबांकडे पाहिलं. आबा पंख्याकडे पाहत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर म्हणाले, "आबा, तोंड उघडा."

एका चष्मेवाल्या पोरीने बॅटरी धरली. पुढचे दात मक्याच्या कणसासारखे धड. मागे बघते तर एक दाढ शिल्लक नाही!

"पोट सगळ्यांनी दाबलं," सर पोरांवर कडाडले, "तोंडात कोण बघणार? दाढा नाहीत तर भाकरी चावणार कशी?"

आबांनी तोंड मिटलं. हळूच म्हणाले, "तुले सांगाले लाज वाटे. तू त्या भाकरीपायी जीव टाकस. पहिले मी ती भाकरी कुत्र्याले देत जाऊ. मग डॉक्टर बोलना आठ दिन बंद, मी कायमची सांगी दिधी."

अगं बाई! म्हणजे कुत्रा वाळला तो यापायी! पोरं खो-खो हसली. मीही हसले, आणि हसता हसता रडू कोसळलं. किती वर्षं हा माणूस माझं मन राखायला भाकरी लपवत होता, आणि मी मेली त्याच्यापासून लपवून गोठ्यात खात होते.

"अहो," मी म्हटलं, "भाकरी कुसकरता येते हो."

घरी आलो तशी चूल पेटवली. ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी केली, गरम असतानाच वरणात कुसकरली, चांगली मऊ होऊ दिली. आबांनी वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली. मग मी माझं ताट घेतलं आणि त्यांच्यासमोर जेवायला बसले.