काबासोचं कुलूप

कितवेच्या तांब्याच्या कारखान्यात नियमच होता, की पंख्याच्या मोटरवर काम करणाऱ्याने कुणी ती चुकून सुरू करू नये म्हणून तिच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि काम झालं की स्वतःच काढायचं. काबासोने नवं बेअरिंग बसवलं, पण कुलूप काढायच्या आधीच छातीत कळ येऊन तो कोसळला आणि दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

दफनानंतर साहेबांनी त्याच्यासोबत काम करणाऱ्या बेसाला कुलूप कापायला सांगितलं. त्याला करवत हातात धरवेना. तेवढ्यात काबासोची बायको मुसोंडा आली. किल्ली तिला नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांत सापडली होती.

“मीच उघडते, भाऊजी.”

तिने कुलूप काढलं, बेसाने बटण दाबलं. पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरवरचा तो अजस्र पंखा फिरू लागला. मोटर जराही थरथरली नाही, काबासोचं काम चोख होतं. बेसा ते सांगणार, तोच मुसोंडाने कानांवर हात ठेवले.

“एवढा आवाज? रोज?” ती ओरडली.

“रोज, वहिनी.”

“म्हणून घरी ओरडून बोलायचा होय! आणि मी म्हणायचे, हळू बोल की, मी काय बहिरी आहे?”

बेसाने पंखा थांबवायला हात पुढे केला.

“राहू दे,” म्हणत ती खालीच बसली आणि रडू लागली. त्या गोंगाटात तिचं रडणं शेजारी उभ्या बेसालाही ऐकू येत नव्हतं.