पिसाला आलेलं वजन

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावरच्या बाबांनी एक पांढरं पीस उंच धरून सोडलं. ते गिरक्या घेत, रमतगमत खाली आलं.

"रोग हा असा! जाता जात नाही!" बाबा गरजले. मग त्यांनी तेच पीस एका पितळी तबकडीवर ठेवलं, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि तबकडी आडवीच सोडून दिली. तबकडी धाडकन आदळली. पीस तिच्यावरच होतं, जागचं हललंसुद्धा नव्हतं.

"पिसाला वजन दिलं मी! तुमचा रोग आपटला! आता फेका त्या गोळ्या!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतल्या विज्ञानाच्या बाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. त्याला फिट यायच्या. बाबांच्या नादी लागून त्याने औषध सोडलं होतं आणि कालच कारखान्यात लेथच्या फिरत्या यंत्रावर काम करताना तो कोसळला होता. सोबत्याने झटकन मशीन बंद केलं, म्हणून हात वाचला.

"बाबांची कृपा, ताई," तो पुटपुटला.

"बटण दाबणाऱ्याची कृपा, गाढवा!"

बाई उठल्या आणि तडक व्यासपीठावर चढल्या. हातात पिशवीतून काढलेलं जेवणाच्या डब्याचं सपाट झाकण होतं. त्यांनी रुमालाचा एक धागा ओढून काढला, झाकणावर ठेवला आणि झाकण सोडलं. धागा झाकणासोबतच खाली आला.

"मला कसली सिद्धी? साधी पोळी गोल येत नाही मला!"

लोक हसले. बाबा मात्र सावध होते. "माझीच शक्ती हिच्यात उतरली!"

"मग आता पीस तबकडीच्या शेजारी धरा आणि दोन्ही एकदम सोडा. चालवा तुमची शक्ती."

बाबांचा चेहरा पडला. "अश्रद्ध माणसासमोर शक्ती काम करत नाही."

"आत्ता तर माझ्यात उतरली होती!"

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी उठून पीस आणि तबकडी उचलली, शेजारी धरली आणि सोडली. तबकडी आदळली. पीस तरंगत राहिलं.

"पिसाला हवा अडवते," बाई म्हणाल्या. "तबकडीवर ठेवलं की खालची हवा तबकडीच बाजूला सारते, पिसाची वाट मोकळी होते. हवाच नसती, तर पीस आणि दगड एकदम सोडल्यावर एकदमच खाली पोचले असते. पृथ्वी कुणाला जास्त वेगाने ओढत नाही. यात मंत्र कुठे आला?"

बाबांचे चेले बाईंवर धावून आले. "खाली उतरवा हिला!" मागून शिव्याही आल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

भाऊ खाली मान घालून पुढे आला. "म्हणजे त्यांनी पिसाला काहीच केलं नव्हतं?"

"काही नाही. आणि तुलाही काही केलेलं नाही. आजार होता तिथेच आहे."

त्याने ओठ चावला. मग गर्दीकडे वळून तो म्हणाला, "माझा हात जाता जाता वाचला. तुम्ही घरी जाऊन झाकण पाडून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर औषध सोडू नका. या बाबाच्या तर मुळीच नको."