उकललेला दाणा

टण्णकन आवाज झाला. जेवणाच्या डब्याचं झाकण रमिलाबाईच्या हातून फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि शांत झालं. चार दिवसांत या शेडमध्ये झालेला तो पहिलाच आवाज. एरवी शेजारच्या कोंबड्यांच्या कलकलाटात माझी घरघरसुद्धा बुडून जायची.

मित्रांनो, मी नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीतलं जुनं मशीन आहे. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोळ्या करणारं. माझ्या पोटात दोन जड रूळ आहेत आणि भोकाभोकांचा एक पोलादी साचा.

मक्याचा दाणा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या आत पिष्टाचे बारीक कण असतात, घट्ट घडी घातलेले. कोवळ्या पिलांना ती घडी सहज सुटत नाही. माझ्याकडे मक्याचा भरडा आला की त्याला आधी वाफ लागायची. कण फुगायचे, सैलावायचे. मग रूळ त्यांना साच्यातून रेटायचे. त्या दाबात, त्या उष्णतेत कितीतरी कणांची घडी मोडायची. पिष्ट चिकट व्हायचं, भरडा एकमेकांना धरायचा आणि भोकांतून गरम गोळ्या ओघळायच्या. पिलांसाठी त्यांचा चुरा करत. आई घास कुस्करून भरवते ना, तसंच माझं काम.

कधी ओला भरडा आला की मी तुंबायचो. मला चालवणारा चुनीलाल मला म्हातारा ठरवून माझ्या अंगावर थाप मारायचा. "काय रे डोकरा, पोट तुंबनं का?"

पोती शिवणारी रमिलाबाई तिकडून म्हणायची, "चुनीलालभाऊ, पहिले तुम्हनं पोट दखा!"

तिची सहा वर्षांची काजल खुदखुदायची. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग कोंबड्या माना टाकू लागल्या. बर्ड फ्लू, असं मी ऐकलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली माणसं आली. शेडं रिकामी झाली, मागे खड्डे भरले. मी केलेल्या गोळ्यांची पोतीही त्याच खड्ड्यांत गेली. सबंध मका असता तर मातीत रुजला तरी असता. मी दाबलेला दाणा रुजत नाही. एकदा उकललेली घडी पुन्हा बसत नाही.

आज रमिलाबाई मला औषधाच्या पाण्यानं धुवायला आली होती. झाकण उचलायला ती वाकली आणि तेवढ्यात माझ्या वरच्या नरसाळ्यातून बारीक आवाज आला. चिव.

काजल दारातच गोठली.

"काजल, मशीनमा काय शे?"

"काही नही, माय."

पुन्हा चिव. रमिलाबाईनं हात घातला. तळहातावर पिवळं पिलू, चोचीला माझ्याच चुऱ्याचा कण.

"मन्हं शे ते," काजल रडू लागली. "ते आजारी नही शे. दख ना, खाई ऱ्हायनं!"

रमिलाबाई किती वेळ त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. पदराखाली धरून दोन पावलं मागच्या दाराकडे गेलीसुद्धा. पण तिथे पांढऱ्या पोशाखातला एक माणूस उभा होता. त्यानं पदर पाहिला.

"ताई, द्या ते."

"धडधाकट शे, साहेब. लेकरूना जीव गुतना त्यामा."

"मलाही लेकरं आहेत, ताई. पण एक किलोमीटरच्या आतलं एकही पाखरू ठेवता येत नाही. बाहेरचं असतं तर गोष्ट वेगळी."

तिनं पदर बाजूला केला. त्यानं पिलू दोन्ही हातांत घेतलं, जपून, जसं जगवायला नेतात तसं, आणि तो मागे खड्ड्यांकडे गेला.

मित्रांनो, मला आता भंगारात घालतील. त्याचं दुःख नाही. तुमच्या अंगणात काही चिवचिवत असेल, तर ते आहे तोवर त्याला मऊ घास द्या. एवढंच मागतो.

काजल रडायची थांबली होती. दाराबाहेर हायवे उन्हात सरळ सुरतेकडे गेला होता. ती किती तरी वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिनं आईचा ओला हात धरला.

"माय, एक किलोमीटर कोठे संपस?"