चार बोटे उघडे दार

मी एक जुनी पाचर आहे. वीतभर लांब, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. दार आपटू नये म्हणून त्याच्याखाली सारतात ना, तीच. मित्रांनो, माझ्यासारखीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. गेलेच, तर अंगठ्याला ठेच लागल्यावर जाते.

माझा जन्म एका सुताराच्या वैतागातून झाला. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. तिथे तरुण मुलामुलींसाठी मानसिक आरोग्य केंद्र सुरू व्हायचे होते. खोल्यांना रंग दिला होता, खुर्च्या आल्या होत्या, पण आतल्या खोलीचे दार काही केल्या थांबत नव्हते. जमीन एका बाजूला उतरती होती. दार उघडून हात सोडला, की ते आपणहून फिरायचे आणि धाडकन मिटायचे. सुताराने बिजागऱ्या तीनदा काढल्या, तीनदा बसवल्या. शेवटी चौकटीचा उरलेला तुकडा उचलला, करवतीने तिरका कापला आणि पायाने दाराखाली ढकलला.

"घ्या ताई," तो म्हणाला. "लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात. तुमच्या कामाची सुरुवातच पाचरीने."

ताई हसल्या. त्या केंद्रातल्या समुपदेशक होत्या. ज्या मुलांना मनातले घरी बोलता येत नव्हते, ती त्यांच्याकडे येणार होती.

पहिल्याच आठवड्यात एक कॉलेजातला मुलगा आला. तो ताईंसमोर बसला, पण त्याचे डोळे दारावर होते. दार मिटले तर आपल्याला परत बाहेर सोडतील का, अशी भीती त्याच्या मानेत दिसत होती.  ताईंनी वाकून मला उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"दार किती उघडं ठेवायचं ते तू ठरव," त्या म्हणाल्या. "इथे कुणी आलं, की हे ज्याचं त्यानेच ठरवायचं."

तेव्हापासून ती रीतच पडली. कुणी मला अशी सारायचा की दार सताड उघडे राही. कुणी हातभर फट ठेवी. ओळख वाढली की फट कमी होई. एखादा दिवस असा येई की मूल मला काढून घेई, दार मिटे, आणि मग मी त्याच्या मुठीत बसून सगळे ऐके. मुठीत बसून बसून माझ्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या. एकाने तर बोलता बोलता मला चक्क चावले. त्याचे दात माझ्या जाड टोकावर अजून आहेत. मी कुणाचे काही बाहेर सांगितले नाही. आजही सांगणार नाही. जे सांगते आहे, ते फक्त दाराबद्दल आहे.

केंद्राचे शिपाई म्हणजे मामा. झाडलोट, चहा, कुलूपकिल्ली आणि मुलांच्या आईवडिलांना बाहेरच्या बाकावर गप्पांत अडकवून ठेवणे, ही त्यांची कामे. दार पाहून ते ताईंना हळूच म्हणत, "आज हातभर आहे. म्हणजे गाडी रुळावर नाही." ताई म्हणत, "मामा, तुम्हीच बसा माझ्या खुर्चीत." मामा म्हणत, "नको बाई. मला तुमच्यासारखं गप्प बसता येत नाही."

आमची ती बरी वर्षे होती. सोमवार ते शुक्रवार केंद्र उघडे असे. वर्तमानपत्रात एकदा ताईंचा फोटोही आला. त्यात मी कोपऱ्यात अर्धी दिसत होते. मामांनी ते कात्रण भिंतीला चिकटवले आणि मला दाखवल्यासारखे केले. मी मनातून फुलून गेले. चांगल्या दिवसांत असे वाटते, की हे असेच चालायचे.

मग एका गुरुवारी ती आली. असेल पंधरा-सोळा वर्षांची. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिने तो सेफ्टी पिनेने जोडला होता. ती पिन फरशीवर वाजे. टिक. टिक. ती बाहेरच्या पायरीवर बसली आणि तासभराने उठून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. ताई बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसल्या.

"नाव लिहायचं असेल तर मी चालले," ती म्हणाली.

"नाही लिहायचं."

"विचारायचं पण नाही."

"नाही विचारत. शब्द देते."

"आईला गुरुवारी कामावरून यायला उशीर होतो," ती थोड्या वेळाने म्हणाली. "म्हणून गुरुवारी."

त्या दिवशी एवढेच. मामांनी तिचे नाव पायरीवाली ठेवले. तिच्यामागे आमच्यात तेच नाव चालू लागले.

पायरीवरून उंबऱ्यापर्यंत यायला तिला दोन महिने लागले. उंबऱ्यावरून खुर्चीत बसायला आणखी एक. ती शाळेला जात नव्हती. तिला झोप येत नव्हती. आपण नसतो तर घरातल्यांचे ओझे कमी झाले असते, असे तिला वाटत होते. हे ती दाराकडे बघून बोले, ताईंकडे बघून नाही. दार मात्र दर गुरुवारी थोडे थोडे मिटत आले. सताड होते ते हातभर झाले, हातभराचे वीतभर झाले.  ती गेली की ताई फटीपाशी उभ्या राहून नुसते पाहत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तपासणीचे साहेब आले. केंद्राला सरकारी अनुदान मिळत होते आणि ते पुढे चालू ठेवायचे की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होते. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत त्यांनी नोंदवही चाळली. मग बुटाच्या टोकाने मला टोचले.

"हे काय?"

"दार मुलं ठरवतात," ताई म्हणाल्या.

"समुपदेशन बंद दाराआड व्हायला हवं, मॅडम. नियम आहे. गोपनीयता." मग त्यांनी वहीची पाने पुन्हा उलटली. "आणि गर्दी तर दिसतेय बाहेर. वहीत इतकी कमी नावं कशी?"

"सगळीच मुलं नाव देत नाहीत. काही नुसती पायरीवर बसतात."

"पायरीवर बसणं ही सेवा कशात धरू मी?" ते खरोखरच अडचणीत पडल्यासारखे म्हणाले. "तुम्ही काम करता, ते मला दिसतंय. पण मला दिसलेलं लिहिता येत नाही. कागदावर आहे तेच लिहितो."

साहेबांनी वही सुधारायला आठ दिवस दिले. ते गेल्यावर मामा वही घेऊन ताईंसमोर बसले.

"टाका काहीतरी नावं. माझ्या भाचरांचीच टाका, पंधरा आहेत. पायरीवालीचं पण एक ठोकून द्या. कागदाला काय कळतंय?"

"कागदाला नाही कळत. मला कळतं."

"अहो, केंद्र बंद पडलं तर तुमचा शब्द घेऊन ती पोर काय करणार?"

ताईंनी वही मिटली. तिच्यात एकही खोटे नाव चढले नाही. मित्रांनो, त्यांचे बरोबर होते की मामांचे, याचा मी पुढे फार विचार केला. लाकडाला विचार करायला वेळ पुष्कळ असतो. मला अजून उत्तर सापडलेले नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ती पायरीवाली आली. आत आल्यावर तिने मला पायाने सरकवले. बरोबर चार बोटांची फट उरली. तासभर ती ताईंकडे बघून बोलली. उठताना तिने मला हातात घेतले, दार मिटू लागले, आणि तिने ते दुसऱ्या हाताने धरले.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी ही पाचर काढते."

ती गेल्यावर ताईंनी मला टेबलावर ठेवले आणि चष्मा पुसला. मामांना म्हणाल्या, "मामा, चहा टाका. दोन कप. आज माझ्याबरोबर बसून प्या."

सोमवारी आदेश आला. अनुदान निम्म्याहून कमी झाले होते. केंद्र आता फक्त सोमवारी आणि मंगळवारी उघडणार होते. उरलेले दिवस ताईंना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात पाठवले होते. मामांची बदली भांडारात झाली होती. हुकूम त्याच दिवसापासून लागू होता. ताईंनी गुरुवारसाठी दोन तासांची सुट्टी मागितली. ती नाकारली गेली. पायरीवालीचे नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. निरोप पाठवायचा कुठे? मग त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'गुरुवारी येणाऱ्या माझ्या मैत्रिणीला: सोमवारी ये. मी आहे. दार तसंच आहे.' मंगळवारी संध्याकाळी भांडारातून सुटल्यावर मामांनी तो कागद बाहेरच्या दाराला चिकटवला. जाताना आतली खोली झाडून त्यांनी मला त्या बाहेरच्या दाराशी, आतल्या बाजूला ठेवले. सोमवारी आल्याबरोबर हाताशी असावी म्हणून.

बुधवारी कार्यालयाचा माणूस खळ आणि छापील सूचना घेऊन आला. त्याने ती दाराच्या मध्यभागी लावली, नेमकी ताईंच्या कागदावर. त्याला काही ठाऊक नव्हते. लावताना त्याने ती मोठ्याने वाचली, म्हणून मला कळले. नोंदणीशिवाय प्रवेश नाही. नाव, पत्ता व पालकांची सही आवश्यक.

गुरुवार आला. चार वाजले असतील. टिक. टिक. टिक. मी ओळखले.

ती पायऱ्या चढली. दारापाशी थांबली. बराच वेळ आवाज आला नाही. ती वाचत असावी. मग ती खाली बसली आणि दाराखालच्या फटीतून चार बोटे आत आली. ती बोटे जमिनीवरून इकडे तिकडे फिरली. मी दाराखाली असते, एवढेच तिला माहीत होते. मी तिच्या बोटांपासून वीतभर दूर होते. मित्रांनो, माझे सारे आयुष्य दार अडवण्यात गेले, पण त्या दिवशी मला एक वीत सरकता आले नाही.

बोटे मागे गेली. टिक. टिक. मग तेही थांबले.

सोमवारी ताईंनी छापील सूचनेखालचा आपला कागद पाहिला. त्या तिथेच पायरीवर बसल्या. पुढे त्यांनी शाळांमध्ये विचारले, दवाखान्यांत विचारले, मामांना घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता. "नाव काय मुलीचं?" ताई मामांकडे बघत. मामा म्हणत, "चपलेला पिन आहे." लोक त्यांच्याकडे बघून हसत किंवा हसू दाबत. ती सापडली नाही. ती कुठे आहे, आहे की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही.

दोन वर्षांनी केंद्र पुरते बंद झाले. त्या खोल्यांत आता मोडक्या खाटा भरल्या आहेत. ताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पर्समध्ये टाकले.

घरी त्यांच्या मुलीने मला पाहिले. ती मोठी आहे, नोकरी करते. "आई, हा लाकडाचा तुकडा कशाला उचलून आणलास?"

ताईंनी तिला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, "माझ्या वेळी नव्हती गं ही पाचर. तू घरी आलीस की खोलीचं दार लावून घ्यायचीस. मी बाहेर अभ्यास करत बसायचे. तू खोकलीस की कळायचं, जागी आहेस."

ताई म्हणाल्या, "तिथून आल्यावर माझ्यात काही उरायचं नाही. पण ते तुला सांगायला हवं होतं." 

वर्षभरात ताई आजारी पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. तेव्हा मुलीने मला शोधून काढले आणि त्यांच्या खोलीच्या दाराखाली सारले. स्वयंपाकघरात काम करताना तिला आईचा श्वास ऐकू यायला हवा होता.

"एवढं सताड नको, भांड्यांचा आवाज येतो," ताई म्हणाल्या.

"मग किती?"

"चार बोटं पुरे."

अडीच महिने मी ती चार बोटे राखली. माझ्या आयुष्यातले ते शेवटचे काम, आणि मी ते नीट केले. एका सकाळी स्वयंपाकघरातली मुलगी हातातले पातेले तसेच ठेवून धावत आली. खोलीत आवाज येत नव्हता.

ताई गेल्या. मला मात्र त्या दाराखालून कितीतरी दिवस कुणी काढले नाही. झाडू माझ्या कडेने फिरे. मग एका गुरुवारी मुलीने मला उचलले, पर्समध्ये घातले आणि ती त्या बंद केंद्राच्या पायरीवर जाऊन बसली. चार ते सहा. कुणी आले नाही. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. आम्ही अजूनही जातो. मामा कधी कधी चहा घेऊन येतात आणि म्हणतात, "पोरी, इथे काही होणार नाही." आणि आमच्याशेजारी बसतात.

मित्रांनो, मी लाकडाचा तुकडा आहे. माझे ऐकून कुणी अनुदान वाढवणार नाही. जी मोठी माणसे हे ठरवतात, त्यांना एवढेच सांगते, की एखादे दार बंद करण्याआधी पायरीवर कोण बसले आहे, ते एकदा बाहेर येऊन बघा.

आणि तुम्हाला एक विनंती आहे. मन जड झाले, कुठल्याही वहीत आपले नाव नको वाटले, तर नका लिहू. पण एका माणसाला तरी ते सांगून ठेवा. ताईला, मामाला, वर्गातल्या मैत्रिणीला, कुणालाही. दारे बंद होतात. मी ती कायमची धरून ठेवू शकत नाही. पण तुमचे नाव ज्याला ठाऊक असेल, तो ते विचारत विचारत तुमच्यापर्यंत येईल.

आणि चपलेला पिन लावलेली ती जर हे वाचत असेल, तर तिला सांगायचे आहे, की ताईंनी वाट पाहिली. सोमवारचा कागद दारावर होता. तो तुझ्यासाठीच होता.

तुझे नाव काय?